खुर्चीत कोण बसलं होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या कादंबरीचा निवेदक सत्तरीला आलेला आहे. तीस वर्षांपूर्वी धाकट्या भावाशी त्याचं तुटलं आणि दोष भावाचा होता असं तो मनापासून मानतो. खरा दोष त्याचा स्वतःचा. हे वाचकाला कळावं, निवेदकाला मात्र कळू नये, असं तुम्हाला हवंय. मसुदा वाचलेल्यांपैकी काही जण म्हणतात, ‘काही उमगलं नाही’, आणि बाकीचे म्हणतात, ‘लेखकाने शेवटी आम्हाला फसवलं’. एकाच मसुद्यावर हे दोन्ही शेरे कसे, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कादंबऱ्या संपादित करतोय आणि हे दोन शेरे मला नेहमी जोडीनेच भेटतात. ते एकाच दुखण्याचे आहेत. सुरुवात तुमच्याच एका वाक्यापासून करतो. ‘निवेदकाची स्मृती त्याला दगा देते,’ असं तुम्ही लिहिलंय. मला तसं दिसत नाही. त्याची स्मृती मुरलेल्या वकिलासारखी त्याची बाजू लढवतेय. दगा देणारी स्मृती कुठेही चुकते: आज तारीख, उद्या नाव, परवा शर्टाचा रंग. तुमच्या मसुद्यात निवेदक असाच वाट्टेल तिथे चुकतो. पहिल्या प्रकरणात घराला दोन मजले आहेत, चौथ्यात एकच. वाचकाला वाटतं, हा म्हातारा झालाय, किंवा लेखकाचं लक्ष नाही. आत्मवंचना करणाऱ्या माणसाच्या चुका मात्र सगळ्या एकाच अंगाला कललेल्या असतात. वाचकाच्या हाती तो कल लागायला हवा.

खोटं बोलणाऱ्याला सत्य ठाऊक असतं आणि तो ते समोरच्यापासून लपवतो. विसरलेल्याला ते ठाऊक नसतं. स्वतःला फसवणारा या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने 1943 साली या प्रकारातली अडचण नेमकी पकडली होती: मला स्वतःपासून एखादी गोष्ट लपवायची असेल, तर काय लपवायचं हे मला आधी माहीत असायला हवं. तत्त्वज्ञांसाठी हा पेच आहे, कादंबरीकारासाठी मात्र खाण आहे. कारण त्याचा अर्थ असा, की निवेदकाला कुठे बघायचं नाही ते पक्कं माहीत असतं. अंधारात घरात वावरणारा माणूस जसा टेबलाचा कोपरा बरोबर चुकवतो, तसा तो त्या एका जागेला वळसा घालतो. तो वळसा कागदावर उमटतो, आणि आपलं काम तो वळसा रेखाटायचं आहे.

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथने 1961 मध्ये रूढ केली आणि तेव्हापासून ती इतकी ताणली गेलीय की खुनी, वेडा, लहान मूल, थापाड्या सगळेच तिच्यात बसतात. तुम्ही ती बाजूला ठेवा आणि स्वतःला एवढंच विचारा, की माझा निवेदक नेमका कशात चुकतो? काय घडलं यात, त्याचा अर्थ काय यात, की त्याचं मोल काय यात? स्वतःला फसवणारी माणसं घटना बहुतेक वेळा बरोबर सांगतात. त्यांचा घोटाळा अर्थ लावताना होतो. म्हणून तुमच्या निवेदकाकडून घटना जास्तीत जास्त खऱ्या वदवून घ्या. खोटी घटना एखादीच असू दे, आणि ती अगदी मोक्याच्या जागी.

आता उदाहरणच देतो. मी रचलेलं आहे, तुमच्या मसुद्यातलं नाही. निवेदक वडिलांच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगतोय:

‘त्या रात्री मी बाबांपाशीच होतो. कोपऱ्यात मंद दिवा होता. खुर्चीच्या पाठीवर त्यांची करडी शाल टाकलेली होती, एका टोकाला उसवलेली. ते उसवलेलं टोक मला अजून दिसतं. बाबांचा हात पलंगाच्या कडेवरून खाली आला होता. कुणीतरी तो हळूच उचलून पांघरुणात ठेवला. मागून गार वारा येत होता. मग मी दार लावून घेतलं.’

पहिल्या वाचनात हा प्रेमळ मुलगा आहे. पण तो काय काय बघतोय ते मोजा. त्याला खुर्चीची पाठ दिसते, म्हणजे तो खुर्चीत नाही. बाबांचा हात दिसतो, चेहरा दिसत नाही. वारा मागून येतो, म्हणजे तो दारात उभा आहे. ‘कुणीतरी’ हात उचलतं, आणि आपल्याशिवाय तिथे आणखी कोण होतं हे त्याने सांगितलेलंच नाही. शेवटी तो दार लावून घेतो, पण कुठल्या बाजूने? एकही तपशील खोटा नाही, आणि तरीही ‘बाबांपाशीच’ हा एक शब्द बाकीच्या सगळ्या परिच्छेदाशी भांडतोय. आता साठ-सत्तर पानांनंतर दुसऱ्याच कुठल्या तरी संदर्भात भाऊ एकदा त्या करड्या शालीचं उसवलेलं टोक बोटाने चाळवत बसलेला दाखवा. त्यावर निवेदकाचा एक शब्द नको. वाचकाने मागची पानं उलटली की तुमचं काम झालं.

हेच बिघडवायचं असेल तर सोपा मार्ग आहे: विसाव्या प्रकरणात ट्रंकेतून भावाच्या बायकोचं जुनं पत्र काढायचं आणि त्यात लिहायचं, ‘दादा, तुम्ही त्या रात्री दारातूनच परत गेलात.’ तुमच्या मसुद्यात नेमकं असंच एक पत्र आहे. फसवल्यासारखं वाटणाऱ्यांची तक्रार त्याबद्दलची आहे, आणि काही न उमगणाऱ्यांची तक्रार आधीच्या एकोणीस प्रकरणांत त्या पत्राची जमीनच तयार केलेली नाही, याबद्दलची. दोघंही एकाच खड्ड्यात पडले, वेगवेगळ्या बाजूंनी.

कागदोपत्री पुरावा वापरूच नये, असं मात्र नाही. ज्युलियन बार्न्सच्या ‘द सेन्स ऑफ अॅन एंडिंग’मध्ये (2011) एक जुनं पत्र पुन्हा समोर येतं आणि निवेदक टोनी वेब्स्टर हादरतो. तिथे ते चालतं, कारण त्याच पत्राबद्दल टोनीने आपल्याला आधी सांगितलेलं असतं, पण अगदी वरवर: मला काय वाटतं ते मी मित्राला कळवलं, अशा सुरात. पत्र प्रत्यक्ष वाचायला मिळतं तेव्हा ते विषारी निघतं. घटना त्याने लपवलेली नसते, तिचं तापमान लपवलेलं असतं. तुमचं पत्र नवी माहिती आणतं, ते पत्र जुन्याच माहितीचा खरा आवाज ऐकवतं. हा फरक लहान वाटतो, पण सगळं त्यावर उभं आहे.

मानसशास्त्रज्ञांनी आठवणींबद्दल जे दाखवलंय ते लेखकाने एकदा नीट वाचावं, कारण आपल्या बऱ्याच समजुती उलट्या असतात. फ्रेडरिक बार्टलेटने 1932 च्या पुस्तकात केंब्रिजमधले प्रयोग सांगितलेत. एका परक्या लोककथेत होड्या आणि सीलची शिकार होती, आणि ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली तेव्हा इंग्रज वाचकांच्या आठवणीत त्यांची साधी बोट आणि मासेमारी झाली. जे अनोळखी होतं ते ओळखीचं झालं, जे जुळत नव्हतं ते गळालं. म्हणजे आठवणीतली चूकसुद्धा अर्थाच्या मागे जाते. दुसरा प्रयोग उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांचा. जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना पुन्हा विचारलं. आधीच्या उत्तराशी जुळण्याचे पूर्ण गुण फक्त तिघांना मिळाले, 11 जणांना शून्य. आणि खात्री? ती भरपूर होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही मूळ हकीकत त्यांना आठवेना.

लेखकाने यातून काय घ्यायचं? तपशील ठसठशीत आहे म्हणून तो खरा ठरत नाही आणि निवेदकाच्या खात्रीला पुरावा म्हणून काही किंमत नाही. त्यामुळे ‘मला नीट आठवत नाही, पण…’ असं दर पानावर म्हणणारा निवेदक मला खोटा वाटतो. ती निवेदकाची शंका नसते, लेखकाने वाचकाला केलेली खूण असते. स्वतःला फसवणारा माणूस ठामपणे बोलतो. त्याला उसवलेलं टोकसुद्धा आठवतं.

इथे माझीच एक गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेखिकेच्या हस्तलिखितात एकच प्रसंग दोनदा आला होता, शंभरेक पानांच्या अंतराने. दुसऱ्या वेळी थोडा बदल होता: आधी आई खिडकीपाशी होती, आता दारापाशी. मी दुसरा प्रसंग पुनरावृत्ती म्हणून कापायला लावला. कादंबरी छापून आली आणि एकदम सपाट झाली. नंतर कितीतरी वर्षं मी ही हकीकत नवख्यांना अशी सांगायचो, की लेखिकेने घाई केली, मी सावध केलं होतं. मग एकदा घर बदलताना जुन्या टिपणांचा गठ्ठा सापडला. समासात माझंच अक्षर होतं, लाल शाईत: ‘हे आधी येऊन गेलंय. काढा.’ तिने खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मुद्दाम आहे. राहू द्या ना.’ त्यावर माझी लाल काट होती. मी ‘सावध केलं होतं’ म्हणायचो त्यात शब्द एकही खोटा नव्हता. मी खरंच सावध केलं होतं, फक्त चुकीच्या गोष्टीबद्दल.

तेव्हापासून मी अशा हस्तलिखितात पुनरावृत्तीला हात लावत नाही. इशिगुरोच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’मध्ये (1989) बटलर स्टीव्हन्स त्याच घरातल्या हाउसकीपर मिस केंटनच्या बंद दाराबाहेर उभा आहे आणि आत ती रडत असावी असं त्याला वाटतंय, ही आठवण येते. आधी तो ती तिच्या मावशीच्या मृत्यूच्या दिवसाशी जोडतो. बऱ्याच पानांनंतर तो स्वतःच सांगतो, की माझा थोडा गोंधळ झाला होता, तो प्रसंग काही महिन्यांनंतरच्या एका संध्याकाळचा. ती संध्याकाळ म्हणजे तिने दुसऱ्याशी लग्न ठरवल्याचं सांगितलं ती. ही दुरुस्ती तो इतक्या निर्विकारपणे करतो, जणू हिशेबाच्या वहीतला आकडा सुधारतोय. चूक का झाली याबद्दल चकार शब्द नाही. पण मावशीच्या मरणाचं रडणं असेल तर त्यात स्टीव्हन्सचा दोष काहीच नाही, आणि त्या संध्याकाळचं असेल तर बराच आहे. चूक कुठल्या अंगाला कलली होती ते वाचकाने ओळखायचं.

त्याच कादंबरीतली आणखी एक युक्ती उचलण्यासारखी आहे. स्टीव्हन्सचा बाप वरच्या मजल्यावर मरण पावतो आणि हा खाली पाहुण्यांच्या सेवेत असतो. आपण रडतोय हे तो आपल्याला सांगत नाही. त्याचे मालक लॉर्ड डार्लिंग्टन त्याला विचारतात, बरा आहेस ना, रडल्यासारखा दिसतोयस. स्टीव्हन्स ते वाक्य इमानाने नोंदवतो आणि श्रमामुळे असेल म्हणून सोडून देतो. स्वतःला फसवणारा माणूस दुसऱ्यांचे शब्द बऱ्याचदा जसेच्या तसे सांगतो, कारण त्यांचा अर्थ त्याला लागलेलाच नसतो. तुमच्या निवेदकाच्या बायकोला, मुलीला, शेजाऱ्याला बोलू द्या. सध्या ते सगळे त्याच्याच सुरात बोलतात. मुलीच्या तोंडी एखादं साधं वाक्य पुरे, ‘बाबा, काकांनी फोन केला होता ना तेव्हा?’ आणि निवेदकाने त्यावर फक्त तिच्या उद्धटपणाबद्दल बोलावं.

आता भाषेकडे येतो. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण या कामासाठी मराठीने आपल्याला जी हत्यारं दिली आहेत ती आपण वापरतच नाही. तुम्ही मला लिहिलंत, ‘भावाशी त्याचं तुटलं’. तुटलं! कुणी तोडलं? तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, सुटणं-सोडणं, पडणं-पाडणं: मराठीत या जोड्या जागोजागी आहेत आणि प्रत्येक जोडीतलं पहिलं क्रियापद कर्त्याला गुपचूप मागच्या दाराने बाहेर काढतं. हातात पेन्सिल घेऊन मसुदा वाचा. निवेदक स्वतःबद्दल बोलताना ‘माझ्याकडून फोन करायचं राहून गेलं’, ‘तोंडातून शब्द निघून गेला’, ‘मग जाणं-येणं कमी झालं’ म्हणतो का? आणि भावाबद्दल ‘त्याने पत्र फाडलं’, ‘त्याने येणं सोडलं’, ‘त्याने माणसं फोडली’? असं पुस्तकभर चालू राहिलं तर वाचकाला न सांगता कळतं, फक्त कशावरून कळलं ते सांगता येत नाही. ‘शब्दाने शब्द वाढत गेला’ हा वाक्प्रचार तर आत्मवंचनेसाठीच घडवलाय असं मला कधी कधी वाटतं. पहिला शब्द कुणाचा, ते त्यात कुठेच नाही.

दुसरं हत्यार काळाचं. ‘मी दर रविवारी त्याला फोन करायचो.’ हा ‘करायचो’ एका पोत्यात शंभर रविवार भरतो, आणि ज्या एका रविवारी केला नाही तोही त्याच पोत्यात जातो. निवेदक ‘यायचो, बसायचो, बोलायचो’मध्ये रमलेला असताना मधेच एकदा ‘केला’ असा साधा भूतकाळ येऊ द्या. कान तयार असलेला वाचक तिथे थबकतो.

तिसरं, ‘आपण’ आणि ‘माणूस’. ‘अशा वेळी आपण तरी काय करणार?’ ‘माणूस चिडतोच ना!’ यात ‘मी’ कुठे गेला? कोंडीत सापडला की तो गर्दीत मिसळतो. आणि ‘खरं सांगायचं तर’. तुमच्या मसुद्यात हे मी 41 वेळा मोजलं. ते तिनावर आणा आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या पुढचं वाक्य खरं नसू द्या.

चौथी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. आपण कुठे उभे होतो हे माणसाला ठाऊक असायला हवं, आणि दुसऱ्याच्या मनात काय होतं हे ठाऊक असूच शकत नाही. तुमच्या निवेदकाचं उलट करा. ‘मी बहुधा अंगणात असेन’, पण ‘त्याला तेच हवं होतं’. जिथे खात्री हवी तिथे ‘बहुधा’, जिथे ‘बहुधा’ हवं तिथे खात्री.

स्मृतिभ्रंशाचा आजार आणू नका, अशी विनंती. तुम्ही पत्राच्या शेवटी तसा विचार बोलून दाखवलाय. त्या आजारावर उत्तम कादंबरी होऊ शकते, पण ती वेगळी कादंबरी असेल. आजार आला की निवेदकाची सुटका झाली. मग त्याची चूक त्याची राहत नाही.

खरं काय घडलं हे लेखकाला माहीत हवं का? यावर मतभेद आहेत. जपानी लेखक आकुतागावाच्या ‘इन अ ग्रोव्ह’ या कथेत (1922) एका मृत्यूच्या साक्षी एकमेकींना छेद देतात आणि शेवटपर्यंत जुळत नाहीत. तिथे ती न जुळणारी फट हाच विषय आहे. तुमचा विषय तो नाही. तुमच्यासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: दोन भावांमध्ये काय झालं ते एका कागदावर तिसऱ्या पुरुषात, तारीखवार, कसलाही अलंकार न वापरता लिहून काढा आणि भिंतीवर लावा. पुस्तकात त्यातलं एकही वाक्य जाणार नाही. पण निवेदक कधी, कशापासून आणि किती अंतरावरून वळतोय हे तुम्हाला त्याशिवाय कळणार नाही. मला वाटतं तुमच्यापाशी अजून तो कागदच नाही. म्हणून घराचे मजले बदलतात.

त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा: तो हे सगळं आजच का सांगतोय? तीस वर्षं गप्प बसलेला माणूस उगाच तोंड उघडत नाही. आठवण नेहमी आजच्या गरजेतून येते. भावाच्या आजारपणाची बातमी आली असेल, किंवा मुलीने तोंडावर ‘तुम्ही आजोबांसारखेच’ म्हटलं असेल. हे कारण त्याने सांगायची गरज नाही, पण त्याच्या बोलण्यातला दाब तिथूनच यायला हवा. सध्या तुमचा निवेदक निवांत, आरामखुर्चीत बसून सांगतोय. निवांत माणसाला स्वतःला फसवायचं कारण नसतं.

राहिलं शेवटचं प्रकरण. तो भावाकडे जातो, भाऊ दार उघडतो, ‘बस’ म्हणतो, आणि मग तुम्ही दीड पान कबुलीजबाब लिहिलाय. त्या दीड पानात तो अचानक शहाणा होतो, तुमच्याइतका शहाणा. ते काढा. वडिलांच्या शेवटच्या रात्रीसारखा एखादा प्रसंग तुम्ही आधी पेरलात, तर इथे फार करावं लागणार नाही. भाऊ खुर्ची पुढे सरकवतो. निवेदक म्हणतो, ‘नको, मी इथेच बरा आहे,’ आणि दारात उभा राहतो. का, ते त्याला विचारलं तर तो गुडघ्यांचं कारण सांगेल. सांगू द्या.